अण्णांच्या तबकड्या उतरवताना

अण्णांचा ग्रामोफोन रेकॉर्डचा संग्रह उतरवायला घेतला, तेव्हा माळ्यावरचं एकही खोकं हलवायच्या आधी फोटो काढले. कपाटाच्या प्रत्येक कप्प्याचा समोरून एक, जवळून एक, माळ्यावरच्या खोक्यांचा वरून एक. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना पुस्तकासारखा कणा नसतो, तपकिरी पाकिटांची नुसती चळत दिसते. तरी फोटो घ्यायचाच. कुठली रेकॉर्ड कुणाशेजारी होती हे एकदा मोडलं की परत जुळत नाही, आणि ज्यानं ती तशी लावली तो आता सांगायला नसतो.

अण्णांच्या कपाटातल्या ७८ च्या तबकड्या वरवर पाहता कशाही कोंबलेल्या वाटत होत्या. गायकाप्रमाणे नव्हत्या, कंपनीप्रमाणे नव्हत्या, नंबराच्या क्रमानं तर नव्हत्याच. अशा वेळी सगळं उपसून गायकवार लावून टाकावं असा मोह होतो. तो टाळला, होत्या त्या क्रमानं यादी केली, आणि रागाचा रकाना भरत गेला तसा क्रम उलगडला. पहिल्या कप्प्यात भैरव, रामकली, तोडी. मग सारंग. मग भीमपलास, मुलतानी. पुढे पूर्वी, मारवा. मग यमन, भूप, बागेश्री, मालकंस. आणि सगळ्या भैरव्या एकत्र, अगदी शेवटी. दिवसाच्या प्रहरांप्रमाणे लावलेलं कपाट होतं ते. आधी आवराआवर केली असती तर हे कधी कळलंच नसतं.

मोजदाद झाली ती अशी: ७८ च्या २६३, एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, व्हिनाइलच्या मोठ्या रेकॉर्ड) ११८, लहान ईपी ४१, आणि दोन वेगळ्याच तबकड्या, त्यांच्याकडे शेवटी येतो. एवढ्याला शनिवार-रविवार धरून सात महिने लागले. काम दसऱ्यानंतर सुरू करावं. मुंबईच्या पावसाळ्यात एलपीच्या पाकिटांचा पुठ्ठा दमट होऊन एकमेकांना चिकटतो. ओढून काढलं की एकाची छपाई दुसऱ्याच्या पाठीवर जाते. चिकटलेली पाकिटं पंख्याखाली दोन दिवस उभी ठेवली की बहुतेक आपणहून सुटतात.

उतरवताना काय फुटतं ते आधी सांगतो. ७८ ची तबकडी लाखेची असते. लाख हे बांधून ठेवणारं द्रव्य; बाकीचा मोठा भाग दगडाची बारीक पूड, काजळी, कापसाचे तंतू. म्हणून ती जड असते, टिचकी मारली तर कौलासारखी वाजते, आणि हातभर उंचीवरून फरशीवर पडली तर तिचे तुकडे होतात. एका हातानं काठ धरून उचलू नये, स्वतःच्या वजनानंही जुनी तडकलेली तबकडी दुभंगते. एक हात काठाला, दुसऱ्याची बोटं लेबलखाली. हातमोजे घालू नयेत, कापडी मोज्यात पकड सुटते. स्वच्छ कोरडे हात पुरतात. खोक्यात उभ्याच ठेवायच्या, एका खोक्यात २५, घट्ट पण दाबून नव्हे. अशा खोक्याचं वजन पाच-सहा किलो भरतं आणि ते शिडीवरून एकट्यानं उतरवता येतं. आडव्या थप्पीत तळच्या तबकड्यांवर सगळा भार येतो. त्यात मध्ये एखादी वाकलेली असली की तिच्या खालची तडकलीच म्हणून समजा.

एलपी फुटत नाही, पण वाकते. फूटभर ओळीत साठ-सत्तर एलपी बसतात आणि त्यांचं वजन पंधरा-सोळा किलोच्या पुढे जातं. तीन फुटी प्लायवूडची फळी हा भार वर्षानुवर्षं पेलत नाही, मधून लवते आणि रेकॉर्ड एकीकडे कलतात. कललेली रेकॉर्ड उन्हाळ्यात हळूहळू बशीसारखी होते. दर फुटाला एक उभी फळी टाकली की कलायला जागाच राहत नाही.

मग आकारानं वेगळ्या केल्या, आणि इथे पहिला फसवा वळसा आहे. १२ इंची म्हणजे एलपी, १० इंची म्हणजे ७८, ७ इंची म्हणजे ४५ फेऱ्यांची ईपी, असं घरोघर मानतात. बहुतेकदा खरं ठरतं, आणि नेमकं नसतं तेव्हा नुकसान करतं. १२ इंची ७८ असतात. त्यांची एक बाजू साडेचार मिनिटांच्या आसपास चालते, तर १० इंचीची तीन-सव्वातीन. उलट १० इंची एलपीही निघाल्या. तिच्यावर ७८ ची जाड सुई टेकवली तर बारीक खाचा जागच्या जागी संपतात. आणि १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे हिंदी चित्रपटांच्या १२ इंची पण ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्ड आल्या, नंबराच्या आधी ‘४५ एनएलपी’ असं असतं. ती ३३ वर लावली की गायिका घसा बसल्यासारखी गाते आणि माणूस रेकॉर्ड खराब आहे म्हणून बाजूला टाकतो. आकार पाहायचा नाही, लेबलावरचा आकडा वाचायचा. आकडा नसेल तर खाचा पाहायच्या: ७८ च्या खाचा नुसत्या डोळ्यांना सुट्या दिसतात, एलपीच्या एकत्र रेशमासारख्या चमकतात.

यादीच्या वहीत रकाने ठेवले ते असे. खोका आणि त्यातली जागा. आकार, फेरे. कंपनी आणि लेबलाचा रंग. कॅटलॉग नंबर, म्हणजे लेबलावर ठळक छापलेला. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे लेबलाच्या भोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला किंवा उठवलेला, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. मग छापलेलं सगळं जसंच्या तसं: गाणं, गायक, राग, ताल, नाटक किंवा चित्रपट, चुकांसकट. शेवटी अवस्था, आणि पाकिटावर हातानं लिहिलेलं काही असेल तर तेही. लेबलावर पेननं काही लिहू नये. खोक्याचा नंबर मऊ पेन्सिलीनं पाकिटाच्या कोपऱ्यात.

दोन्ही नंबर का, तर ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. कॅटलॉग नंबर सांगतो की दुकानात ती काय म्हणून विकली गेली. मॅट्रिक्स नंबर सांगतो की नेमकं कुठलं ध्वनिमुद्रण आत आहे. तेच गाणं पुन्हा गाऊन घेतलेलं असू शकतं, तेच ध्वनिमुद्रण नव्या नंबरानं पुन्हा काढलेलं असू शकतं. अण्णांकडे एकाच पदाच्या दोन तबकड्या निघाल्या, नंबर निराळे, लेबलांचे रंग निराळे, मॅट्रिक्स एकच. म्हणजे गाणं एकच, फक्त नंतरची काढणी. मॅट्रिक्स वाचायला वरचा दिवा उपयोगाचा नाही. खोलीतले दिवे घालवून टेबलाच्या पातळीला टॉर्च आडवा धरायचा आणि तबकडी हळूहळू फिरवायची. आकडे सावलीनं उमटतात.

७८ च्या तबकडीवर साल जवळजवळ कधीच नसतं. अंदाज लेबलावरून घ्यावा लागतो. भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं, गोहर जान तेव्हा गायल्या. त्या सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापून यायच्या आणि एकाच बाजूला वाजायच्या. ग्रामोफोन कंपनीचा कलकत्त्यातला कारखाना १९०८ साली सुरू झाला, दमदमचा १९२८ च्या सुमारास. लेखणी धरलेली देवदूताची आकृती म्हणजे जुनी, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा (एचएमव्हीचं चिन्ह) म्हणजे नंतरची. गाणं संपल्यावर गायक स्वतःचं नाव सांगतो अशी तबकडी निघाली तर ती बहुधा त्या पहिल्या पर्वातली, कर्ण्यात ओरडून गायलेली. मायक्रोफोननं ध्वनिमुद्रण जगात १९२५ साली सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इथे आलं. फरक कानाला लगेच कळतो: जुन्यात तबला म्हणजे नुसती टपटप, डग्गा जवळपास नाहीच.

कुत्रा छाप सोडून बाकी लेबलं दिसली की थबकावं. मुंबईची ‘यंग इंडिया’ १९३० आणि ४० च्या दशकांत स्वदेशीच्या हवेत चालली. अशा कंपन्यांच्या तबकड्या सहसा पुन्हा निघाल्या नाहीत, त्यामुळे जी हातात आहे तीच. ‘ओडियन’, ‘ब्रॉडकास्ट’ यांचंही थोडंफार तेच. एलपीत ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो, ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ, एवढं लक्षात ठेवलं तरी एचएमव्हीच्या शास्त्रीय आणि मराठी रेकॉर्डपैकी बऱ्याच लागतात.

नावांच्या बाबतीत सावध. ‘मास्टर’ म्हणजे लहान मुलगा नव्हे. ‘अॅमॅच्युअर’ एवढंच छापलेलं असेल तर बऱ्याचदा घरंदाज माणसानं नाव द्यायला नको म्हटलेलं असतं. १९४० च्या दशकातल्या चित्रपटांच्या तबकड्यांवर गाणाऱ्याऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव आढळतं. १९४९ च्या ‘महल’च्या गाजलेल्या गाण्यावर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ छापलं होतं. यादीत छापलेलं नाव एका रकान्यात, आपली समजूत दुसऱ्यात. दोन्ही एकत्र लिहिलं की सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाच कळत नाही की खरं कोणतं.

एलपी प्रत्येक पाकिटातून काढून पाहाव्या. ११८ पैकी सात चुकीच्या पाकिटात होत्या, तीन पाकिटं रिकामी. ७८ च्या कागदी पाकिटांवर दुकानाचं नाव-पत्ता असतो. तो त्या तबकडीचाच असेल असं नाही, पाकिटं घरात सर्रास बदलतात. एलपीवर मागे चिकटवलेला किमतीचा किंवा दुकानाचा कागद मात्र जास्त भरवशाचा. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ साली बंद झालं, त्याचे कागद अण्णांच्या बऱ्याच एलपींवर आहेत. ते खरवडून पाकीट ‘स्वच्छ’ करू नये.

आता धुणं. सगळ्यात जास्त नासधूस इथे होते, आणि चांगल्या हेतूनं होते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीही लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात. एका पुसण्यात खाचा चिकट होतात आणि गाणं गेलं. चष्मा पुसायच्या फवाऱ्यातही अल्कोहोल असतं हे लक्षात येत नाही.

मी वापरलं ते असं: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या मळ सोडवणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. हे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, आणि थेंब म्हणजे थेंबच, फेस आला तर जास्त झालं. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि चुरचुर वाढते. आधी कोरडा मऊ ब्रश, खाचांच्या दिशेनं गोल गोल. मग मांजरपाटाचा धुऊन मऊ झालेला तुकडा ओलसर करून तसाच गोल. लेबलावर पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. जुन्या लेबलांची शाई पसरते. लगेच दुसऱ्या तुकड्यानं नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसायचं, तिसऱ्यानं टिपायचं. एका बाजूला मिनिटभर. भिजत ठेवायचं मुळीच नाही, कारण लाखेतले तंतू पाणी पितात, आणि काही जुन्या तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगला की वरचा पापुद्रा उचलतो. काठाला टवका उडालेला असेल तर तिथून पाणी आत शिरतं. अशा तबकड्या कोरड्याच झटकल्या.

वाळवायला स्वयंपाकघरातली ताटं ठेवायची जाळी, तिच्या दांड्यांना कापड गुंडाळून. पंखा लावून दोन तास. पुसून झाल्यावर जुन्या पाकिटात परत घालायची नाही, नाहीतर सगळी धूळ पुन्हा तिथेच. नवी साधी आम्लविरहित कागदाची पाकिटं घेतली, आणि जुनी पाकिटं, ज्यांवर अण्णांचं अक्षर होतं ती, मागे वेगळी त्याच क्रमानं लावली.

एलपीची तऱ्हा वेगळी. व्हिनाइल पाण्याला घाबरत नाही. बुरशी आली असेल, पांढरट ठिपक्यांची, जाळीसारखी, तर एन-९५ मास्क लावून गॅलरीत आधी कोरडा ब्रश, मग वरचंच पाणी. फारच हट्टी असेल तर त्यात दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेही फक्त व्हिनाइलला. पण सगळा पांढरटपणा बुरशी नसतो. बाहेरून घातलेल्या जाड, मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली द्रव्यं वर्षानुवर्षांत रेकॉर्डवर ढगासारखा थर चढवतात. तो पुसून जात नाही, वाजवताना सततची फुसफुस ऐकू येते. त्या पिशव्या सगळ्या फेकल्या. डांबरगोळ्याही कपाटातून काढाव्यात, त्यांची वाफ थंड पृष्ठभागावर बसते. कसर आणि झुरळांना पाकिटाचा गोंद आवडतो हे खरं, पण त्यावर उपाय कपाट दोन महिन्यांतून एकदा उघडून झटकणं.

धुऊन झालेली तबकडी आडव्या दिव्याखाली धरली की तिचा सगळा इतिहास दिसतो. न वाजवलेली खाच काळी चकचकीत. पोलादी पिन (चावीच्या ग्रामोफोनची सुई) फिरलेली खाच राखाडी, शिसपेन्सिल घासल्यासारखी. आणि राखाडीपणा एकसारखा नसतो: तार सप्तकातल्या जागा, जोरकस ताना, जिथे खाच जास्त हलते, तिथे तो गडद. एक बाजू राखाडी आणि दुसरी काळीभोर अशा अण्णांच्या तबकड्या निदान चाळीस निघाल्या. दुसऱ्या बाजूला सहसा तोच राग, तराणा किंवा द्रुत. म्हणजे विलंबित ऐकून झाल्यावर तबकडी उलटायची तसदी घेतलेली नाही. भेट आलेल्या तबकड्या ओळखू येतात, त्यांच्या दोन्ही बाजू काळ्या.

पोलादी पिन का एवढी खाते, याचं उत्तर त्या दगडाच्या पुडीत आहे. पूड मुद्दाम घातलेली असते, पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत टोकाला धारदार खांदे येतात. तीच पिन दुसऱ्या तबकडीला लावली की ती खाच कापते. म्हणून एका बाजूला एक पिन असा नियम होता, आणि पिनांच्या डब्या दोनशे-दोनशेच्या मिळायच्या. काटकसरीच्या घरांत एक पिन आठ बाजू चालायची; त्या घरांतल्या तबकड्या लांबूनही ओळखता येतात.

चावीचा ग्रामोफोन घरात चालू असला तरी त्यावर संग्रह वाजवू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरून आवाज काढणाऱ्या भागाचा, भार शंभर ग्रॅमच्या वर. आधुनिक काट्रिजचा (सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) ७८ साठीचा भार पाच ग्रॅम. एलपी तर त्यावर कधीच नाही, एका फेरीत खाचा सोलून निघतात. माळ्यावरचा पेटीवजा रेकॉर्डप्लेअर सापडला की लगेच वीज देऊन पाहायची घाई होते. त्यात क्रिस्टल काट्रिज असेल तर ते मुंबईच्या हवेत बहुधा कधीच मेलेलं असतं, कारण आतला स्फटिक एक प्रकारचं मीठच, दमट हवेत विरघळतो. रबरी चाक कडक झालेलं असतं, त्याची घरघर गाण्यात येते. आणि व्हॉल्व्हचा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकत्र असलेली पेटी) पंचवीस वर्षांनी थेट चालू केला तर जुने कपॅसिटर फुटू शकतात. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय बटण दाबू नये.

मी ७८ फेरे असलेला टर्नटेबल घेतला, ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-१२०, आणि व्हीएम-९५ काट्रिज. त्याची सोय अशी की सुई तेवढी बदलता येते. एलपीला बारीक सुई, भार दोन ग्रॅम. ७८ ला तीन मिलची, म्हणजे टोकाची त्रिज्या इंचाचे तीन हजारांश, भार पाच ग्रॅम. एलपीच्या सुईचं टोक याच्या साधारण पाव, ते ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी गाळात घसरतं आणि नुसती खरखर देतं. तबकडी फार झिजलेली असेल तर थोड्या कमी किंवा जास्त मापाची सुई पिनेनं न खाल्लेल्या भिंतीवर टेकते आणि आश्चर्य वाटावं असा आवाज निघतो. अशा सुया महाग, पण पंधरा-वीस झिजलेल्या दुर्मीळ तबकड्या असतील तर पैसे वसूल.

फेरे तपासायला पट्ट्यांची कागदी चकती येते. विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्यात पट्ट्या स्थिर दिसल्या की फेरे बरोबर. इंटरनेटवरून उतरवलेली चकती बऱ्याचदा अमेरिकेतली, ६० हर्ट्झची असते. आपली वीज ५० हर्ट्झची: ३३⅓ ला १८० पट्ट्या, ७८ ला ७७. अमेरिकन चकतीत त्याच जागी २१६ आणि ९२ असतात आणि आपल्या दिव्याखाली त्या पळतच राहतात. माणूस टर्नटेबल बिघडला म्हणून दुकानात परत नेतो. शिवाय चांगले एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत. जुना पिवळा दिवा किंवा निऑनचा छोटा टेस्टर वापरावा.

जुन्या तबकड्या नेमक्या ७८ लाच मुद्रित झाल्या असतील असं नाही. फरक किती लागतो त्याचा हिशेब: मिनिटाला साडेचार-पावणेपाच फेऱ्यांनी पट्टी अर्ध्या स्वरानं सरकते, काळी एकची पांढरी दोन. जुन्या पेट्याही आजच्या स्वरांना मिळवलेल्या नसायच्या, त्यामुळे पेटीवरून फेरे ठरवणं हा अंदाजच. त्याच गायकाच्या, लागोपाठच्या मॅट्रिक्स नंबरांच्या दोन-तीन तबकड्या एकत्र ऐकल्या तर निदान आपसांत मेळ बसतो. संगणकावर घेतलेली मूळ फाइल ७८ लाच ठेवायची, बदल प्रतीत.

मुद्रणाची कलमं थोडकी. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. मिनिटाला साधारण ३५ एमबी. दोन्ही बाजूंची ७८ सव्वादोनशे एमबी, एलपी दीड जीबी. ७८ मोनो असली तरी दोन्ही चॅनेल वेगळे घ्यावेत. खाचेच्या एका भिंतीची झीज दुसरीपेक्षा कमी असते, नंतर चांगली भिंत निवडता येते. आणि दोन्ही मिळवल्या तर सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारा आवाज आपसांत कटतो. पातळी सर्वांत मोठ्या जागी उणे सहा डेसिबलच्या खाली ठेवावी. सुई टेकायच्या आधीपासून, खाच संपून लेबलाशी घोळेपर्यंत सगळं घ्यावं. गायकानं स्वतःचं नाव सांगितलेलं तिथेच सापडतं.

फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) एलपीच्या ठरलेल्या वक्रानं, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांना किती उठाव द्यायचा त्या प्रमाणानं, आवाज दुरुस्त करतो. तो वक्र १९५४ च्या सुमारास रूढ झाला, आधीच्या ७८ ना लागू नाही. त्यातून ७८ वाजवली की आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ७८ चे वेगळे वक्र आहेत, मूळ फाइलच्या प्रतीवर ते लावून पाहता येतात. खरखर काढायचा बटणवजा उपाय जपून. थोडा जास्त दाबला की तंबोऱ्याची जवारी खरखरीबरोबरच निघून जाते, उरतो तो पाण्यातून गाणारा माणूस. टकटक मात्र हातानं काढावी. आरपार चरा असेल तर ७८ वर ती पाऊण सेकंदाला एकदा येते, एलपीवर १.८ सेकंदाला; या तालात नसलेली टकटक म्हणजे घाण, पुन्हा धुवून पाहावी.

पैशांचा प्रश्न येतोच. गाजलेल्या चित्रपटांच्या एलपी लाखोंनी निघाल्या. पाकीट फाटकं आणि रेकॉर्ड चरलेली असेल तर त्यांना कुणी विचारत नाही. एका खरेदीदारानं न बघता सगळ्या संग्रहाला सरसकट दर सांगितला आणि त्याच वेळी ‘फक्त हे वीस वेगळे काढून ठेवा’ म्हणाला. त्या विसात काय आहे हे यादी झालेली असल्यामुळे कळलं. यादीआधी विक्री नाही. चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारली की दर समजतात, पण तिथे सांगतात तो विकण्याचा भाव, घेण्याचा नव्हे. जाणकारी हवी असेल तर १९९० पासून मुंबईत काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’चे जुने अंक; ते शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आणि उतरवलेलं इंटरनेटवर टाकायचं असेल तर हे: भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६० साली निघालेल्याचा २०२० अखेर संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, तो निराळा धरायचा.

राहिल्या त्या दोन वेगळ्या तबकड्या. १० इंची, पातळ, लेबल कोरं, त्यावर शाईनं फक्त मिनिटं लिहिलेली. काठाला एका ठिकाणी काळा थर उडालेला आणि आत ॲल्युमिनियम चमकत होतं. या छापलेल्या नव्हेत, एकेकच कापलेल्या; त्यांची दुसरी प्रत जगात नसते. हा लाखेचा नाही, लॅकरचा लेप, आणि तो आक्रसून धातूवरून सुटत जातो. पृष्ठभागावर तुपकट पांढरी पूड येते. सगळ्यात आधी याच उतरवायला हव्या होत्या, आणि मी त्या शेवटी ठेवल्या, ही चूक. स्पिरिट नाही, पोलादी पिन तर नाहीच. पूड कोरड्या मऊ ब्रशनं, तीन मिलची सुई, सुई खाचेत जेमतेम टिकेल एवढा कमी भार. पहिली नीट उतरली. दुसरीवर सुई काठाला टेकवली की ती बाहेर घसरून येत होती. तिसऱ्या वेळी आडव्या दिव्याखाली पाहिलं तेव्हा कळलं की सुरुवातीची मोकळी खाच लेबलाजवळ आहे. अशा काही तबकड्या कापताना सुटणारी तार मध्ये गोळा होऊन कापणाऱ्या टोकाच्या वाटेत येऊ नये म्हणून आतून बाहेर कापत. सुई लेबलापाशी ठेवली आणि ती काठाकडे चालू लागली.